मूठभर मीठ आणि राजाचे 'नाहीतर'

पूर्वी सह्याद्रीच्या माथ्यावरील शिलावती नगरीत अरिंदम नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या पदरी घाटनाक्यावर शुल्काधिकारी होता. त्या जन्मी त्याचे नाव यशोमित्र.

घाटाखाली समुद्रकाठी सागरकच्छ नावाचे राज्य होते आणि तिथे वरुणदत्त राजा होता. शिलावतीत धान्य पिके, पण मीठ नव्हते. सागरकच्छात मीठ मोप, पण धान्य बेताचे. म्हणून मिठाचा पहिला हंगाम उरकला की खालची माणसे डोक्यावर पोती घेऊन घाट चढत, वर जोंधळ्याची काढणी होईपर्यंत राहत आणि मजुरीचे धान्य घेऊन पावसाआधी उतरत.

नाक्याच्या दाराच्या आत एक मोठा दगडी रांजण होता. शुल्क म्हणून प्रत्येकाने मूठभर मीठ त्यात टाकायचे. मूठ अधिकाऱ्याची नव्हे, वाहणाऱ्याची. दणकट गड्याची मूठ मोठी पडे, म्हातारीची लहान, आणि त्यावर कोणी घासाघीस करायची नाही, असा अरिंदमाच्या आजोबांनी घालून दिलेला रिवाज होता. मूठ रांजणात पडली की अधिकाऱ्याने स्वतः त्या माणसाच्या ओंजळीत पाणी घालायचे. तिथून पुढे तो माणूस खाली उतरेपर्यंत शिलावतीच्या राजाच्या आश्रयाला असे.

एका वर्षी उधाणाने सागरकच्छातले बांध फोडले. भाताची खाचरे खारट झाली आणि विहिरींचे पाणी तोंडात धरवेना. खालची माणसे नेहमीपेक्षा लवकर आणि नेहमीपेक्षा जास्त संख्येने घाट चढू लागली. या खेपेस त्यांच्याबरोबर म्हातारीकोतारी होती, भांडीकुंडी होती. परत कधी जाणार, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक नव्हते.

शिलावतीचे लोक काही वाईट नव्हते. पण पाणवठ्यावर रांगा लागल्या, मजुरी उतरली आणि लोक राजाकडे गाऱ्हाणी घेऊन गेले. राजा काळजीत पडला. तेव्हा कालसेन नावाचा त्याचा अमात्य म्हणाला, "महाराज, सैन्य कशाला हवं? वरुणदत्ताला एक पत्र धाडा. 'तुझी माणसं वर येणं थांबव, नाहीतर पौर्णिमेपासून मुठीऐवजी अर्धं पोतं घेऊ.' त्याची सगळी नगरी मिठावर जगते. तोच थांबवील."

पत्र गेले. सातव्या दिवशी वरुणदत्ताने घाटाच्या पायथ्याशी भालेकरी उभे केले. एक माणूस वर येईना.

राजाला फार आनंद झाला. जे काम हत्ती आणि घोडे यांनी झाले नसते ते एका ताडपत्राने झाले होते. नवी पिपाणी मिळालेल्या मुलासारखी त्याची गत झाली. जिथे तिथे तो ती वाजवू लागला. आधी त्याने होड्यांसाठी राखलेले सागाचे लाकूड मागितले, नाहीतर अर्धे पोते. ते आले. मग वरुणदत्ताच्या आवडीचा पांढरा घोडा मागितला, नाहीतर अर्धे पोते. तोही आला. मग पुढच्या पौर्णिमेची मुदत घालून त्याने थेट बंदर मागितले. इतके मागितले तर वरुणदत्त खरेच घाबरेल का, अशी शंका कालसेनाला आली. म्हणून त्याच्या सांगण्यावरून दहा माणसे लावून नाक्यावरचा रांजण पालथा घातला गेला. आता मूठ टाकायची तर टाकणार कुठे?

यशोमित्र राजाला भेटून म्हणाला, "महाराज, शुल्क हे वाटेचं मोल आहे. त्याची काठी करू नये."

राजा हसला. "मी कुठे मारतोय? नुसती उगारलीय. पौर्णिमेपर्यंत दार बंद ठेव, यशोमित्रा. बंदर हाती आलं की तिथला अधिपती तूच."

यशोमित्र नमस्कार करून नाक्यावर परतला.

घाटाच्या मध्यावर, वरचे दार आणि खालचा पहारा यांच्या मध्ये, एक सपाट कातळ होता. ओझी टेकवायची ती जागा. रांजण पालथा झाला त्या रात्री एकसष्ट माणसे भालेकऱ्यांची नजर चुकवून त्या कातळावर पोचली होती. वरचे दार बंद बघून ती खाली वळली, तेव्हा भालेकऱ्यांनी त्यांना उतरू दिले नाही. 'एकही माणूस वर गेलेला नाही' असे त्यांनी आपल्या राजाला आधीच कळवले होते. जी माणसे वर गेलीच नाहीत ती खाली येणार कशी? आपला शब्द खोटा पडू नये म्हणून भालेकऱ्यांनी माणसेच नाहीशी ठरवली. चैत्राचे ऊन होते आणि कातळावरचा झरा आटत आलेला होता.

यशोमित्राने पहिल्या दिवशी राजाला निरोप धाडला. उत्तर आले, "पौर्णिमा जवळ आहे." तिसऱ्या दिवशी त्याने पुन्हा निरोप धाडला. तेच उत्तर आले. तो दोरीने पाण्याच्या घागरी खाली सोडत असे. चौथ्या दिवशी कालसेनाने दोर जप्त केला. धमकी दिसायला हवी, असे त्याचे म्हणणे होते.

सातव्या दिवशी सकाळी एक म्हातारी कातळावरून सरपटत वरच्या दाराशी आली. तिचे नाव वेलाई. चाळीस वर्षे ती या घाटाने मीठ वाहत होती. तिची लेक मुरा पोत्यांमुळे मागे रेंगाळली आणि भालेकऱ्यांच्या पलीकडे अडकली होती.

वेलाई दाराच्या फटीतून म्हणाली, "आधी पाणी घाल रे बाबा. आत घ्यायचं की नाही ते मागून ठरवा तुम्ही."

यशोमित्राला फार वाईट वाटले आणि स्वतःची लाजही वाटली. सहा दिवस तो आज्ञेचा विचार करीत होता आणि या बाईला फक्त पाणी हवे होते. त्याने पहारेकऱ्यांना बोलावले, आपण पुढे होऊन खांदा लावला आणि रांजण उलथून सरळ उभा केला. मग दार उघडले.

वेलाई रांजणापाशी आली. खाली सारे बुडाले तरी या माणसांनी शुल्काचे मीठ तेवढे पदराच्या गाठीला बांधून आणले होते. दार कधी उघडेल याचा नेम नाही, म्हणून वेलाईने दोन दिवसांपूर्वीच गाठ सोडून मीठ मुठीत धरले होते. तिने रांजणावर मूठ उघडली. घामाने मीठ केव्हाच विरघळून गेले होते. तळव्यावर एक पांढरा पापुद्रा तेवढा राहिला होता.

"गेलं की," ती म्हणाली आणि रडू लागली. तहानेपेक्षा तिला याचेच जास्त वाटले. चाळीस वर्षांत ती कधी रिकाम्या हाताने वर आली नव्हती.

यशोमित्राने तिचा हात रांजणात धरून झटकला आणि म्हणाला, "पडली मूठ."

"अरे, हात मोकळा आहे माझा."

"मूठ वाहणाऱ्याची असते, आई. ती किती भरली होती हे बघायचा मला अधिकार नाही."

मग त्याने तिच्या ओंजळीत पाणी घातले. मागून साठ माणसे आली. त्यांच्याही मुठी पडल्या.

दुपारी त्याला राजापुढे उभे केले गेले. राजा संतापला होता. "अजून चार दिवस थांबला असतास तर बंदर आपलं होतं. तुझंच होतं! आता माझ्या धमकीला कोण भिणार?"

यशोमित्र शांतपणे म्हणाला, "महाराज, धमकी वरुणदत्ताला दिली होती. तहान मात्र वेलाईला लागली. वरुणदत्ताच्या वाड्यात आजही थंड पाणी आहे. मी सहा दिवस आपली आज्ञा पाळली, त्याची शिक्षा मला मिळाली तरी चालेल. सातवा दिवस माझ्याच्यानं पाळवला नाही."

कालसेन काही बोलणार होता, पण राजाने हात वर केला. अरिंदम उतावळा होता, दुष्ट नव्हता. त्या एकसष्ट माणसांना त्याने आजवर पाहिलेच नव्हते. पत्रात ती नव्हतीच. तो म्हणाला, "त्यांना राहू दे. खालचा पहारा उठवायला मी वरुणदत्ताला लिहितो."

तो लिहायला बसला आणि घोटाळा झाला. 'नाहीतर' न घालता पत्र कसे लिहायचे हेच तो विसरला होता. तीन ताडपत्रे खराब झाली. चौथे जमले. 'मित्रा, तुझी माणसे येऊ दे. शुल्क पूर्वीसारखेच मूठभर राहील.'

वरुणदत्ताने ते पत्र चार वेळा वाचले. "यात 'नाहीतर' नाही," तो आपल्या मंत्र्यांना म्हणाला. "म्हणजे या वेळी काहीतरी फारच भयंकर दिसतंय." त्याने भालेकरी दुप्पट केले.

दुसरे पत्र गेले, तिसरे गेले. दर पत्रागणिक भाले वाढले.

तेव्हा यशोमित्र राजाला म्हणाला, "महाराज, आपल्या शब्दाला आता शब्द पुरणार नाही. मला खाली जाऊ द्या. मी वरुणदत्ताकडे ओलीस राहतो. आपण मूठभराच्या वर कण जरी घेतला तर त्यांनी माझं डोकं घ्यावं."

"तू गेलास आणि माझी बुद्धी फिरली तर?" राजाने विचारले.

"म्हणूनच जातो," यशोमित्र म्हणाला.

तो एकटा घाट उतरला. वरुणदत्ताने त्याला कैदेत टाकले नाही, पण विश्वासही ठेवला नाही. पायथ्याच्या चौकीत त्याला एक खोली दिली. यशोमित्र दिवसा मिठागरात काम करी आणि संध्याकाळी भालेकऱ्यांशी गप्पा मारी. मुरा तिथेच एका छपरात राहत होती. तिला तो तिच्या आईची खुशाली सांगे, जेवढी त्याला ठाऊक होती तेवढी.

वर एक पावसाळा गेला. शिलावतीत देवळाच्या छताला लाकूड हवे होते. कालसेन म्हणाला, "महाराज, एकच पत्र." राजाने ताडपत्र हातात घेतले, यशोमित्राचे डोके त्याच्या डोळ्यांपुढे आले आणि त्याने ते खाली ठेवले. देऊळ त्या वर्षी गवताने शाकारले. पुढे आणखी दोन वेळा असेच झाले. त्यानंतर कालसेनाने विचारणेच सोडून दिले.

राजा आता अधूनमधून नाक्यावर येऊन बसे. वेलाई तिथे रोज असायची. आपल्याला आत घेणारा माणूस खाली गेला तर त्याचे काम कोणीतरी करायला हवे, म्हणून तिने रांजण घासायचे काम स्वतःहून घेतले होते. राजाला ती ओळखत होती, पण भीत नव्हती. दर खेपेला ती एकच विचारी, "काय रे, मुरा येणार ना?"

"येणार, आजी," राजा म्हणे.

"मागं पण तू बरंच काही म्हटलेलंस," वेलाई म्हणे आणि पुन्हा रांजण घासायला लागे. राजाला हे लागे, पण तिचे काही चुकत नव्हते.

दुसरा पावसाळा गेला. त्या थंडीत वरुणदत्ताने एके दिवशी यशोमित्राला बोलावून म्हटले, "तुझ्या राजानं दोन वर्षांत माझ्याकडे काही मागितलं नाही. मला अजून झोपेत 'नाहीतर' ऐकू येतं. पण आता तो माझा दोष." आणि त्याने भालेकरी उठवले.

बातमी वर पोचली तशी राजा स्वतः नाक्यावर येऊन उभा राहिला. खालून रांग चढत होती. यशोमित्र सर्वांत मागे होता, त्याच्याही डोक्यावर पोते होते. सर्वांत पुढे मुरा होती. ती धापा टाकत रांजणापाशी आली, मूठ भरून मीठ टाकले आणि पाण्यासाठी ओंजळ पुढे केली. यशोमित्र अजून पोचला नव्हता, म्हणून राजाने पाणी घातले. मुरा प्यायली. तोंड पुसून तिने इकडेतिकडे पाहिले आणि समोरच्या माणसाला विचारले, "माझी आई वेलाई इथंच असते ना?"

मार्गशीर्षाच्या थंडीत, बातमी येण्याच्या अकरा दिवस आधी, वेलाई वारली होती.

ज्या राजाने एका पत्रात घाट बंद केला होता, त्याला एक शब्द बोलायला फार वेळ लागला.

"होती," तो म्हणाला.

मुरा तिथेच खाली बसली. राजाही तिच्याजवळ जमिनीवर बसला. रांग थांबून राहिली. कोणी त्यांना घाई केली नाही.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, विहारातल्या एका कोठाराध्यक्ष भिक्षूसाठी सांगितली. 'तुमचे पाहुणे आमच्या विहारात झोपायला धाडाल तर औषधाचे तूप बंद करीन,' असा निरोप त्याने शेजारच्या विहाराला दिला होता. कथा संपली तेव्हा तो मान खाली घालून बसला होता. शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा अरिंदम राजा म्हणजे हा कोठाराध्यक्ष. त्या जन्मी त्याला शिकायला दोन वर्षे लागली, आज एक सकाळ पुरली. कालसेन कोण होता ते तुम्ही ओळखलेच असेल, तो संघात फूट पाडणारा देवदत्त. वरुणदत्त म्हणजे माझ्या सेवेतला आनंद. वेलाई आणि मुरा म्हणजे आज तुम्हाला पेज वाढून गेलेल्या त्या दोघी मायलेकी. त्यांना या जन्मी एकत्र राहू द्या. आणि यशोमित्र मीच होतो. मोडलेल्या शब्दाच्या जागी स्वतः जाऊन बसणे आणि तो पुन्हा खरा होईपर्यंत न उठणे, याला सत्यपारमिता म्हणतात."

त्या दुपारी कोठाराध्यक्ष तुपाचे गाडगे घेऊन स्वतः शेजारच्या विहाराकडे चालत गेला.