दोनशे पानांची पंगत

तात्यासाहेब खराडे नव्या मंगल कार्यालयात चारचौघांदेखत वायरिंगवाल्या वैजयंताबाईंवर कडाडले, "सगळे दिवे, पंखे, गिझर, मिक्सर मिळून ऐंशी किलोवॅट, आणि तुमचा बोर्ड पंचेचाळीसचा? सगळी बटणं एकदम दाबली तर? काम दुसऱ्याला देतो!"

मोठा बोर्ड म्हणजे नवा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे सहा महिने. वैशाखातली लग्नं तर ठरलेली. बाईंनी टेस्टर खिशात ठेवला आणि विचारलं, "तात्यासाहेब, लग्नाला माणसं किती धरलीत?"

"आठशे!"

"आणि जेवणघरात पानं?"

"दोनशे."

"आठशे जण एकदम जेवायला आले तर?"

"एकदम कशाला येतील? पंगती बसतील, उठतील!"

"माझ्या बोर्डावरही पंगतीच बसतात. सकाळी गिझर उठले की मिक्सर बसतात. हॉलचे पंखे मात्र एकूण एक धरलेत, कारण अक्षता टाकायला आठशेच्या आठशे एकदम उभे राहतात."

तात्यासाहेब आचाऱ्याला हाक मारून म्हणाले, "वैशाखात पहिल्या पंगतीला पहिलं पान बाईंचं मांडा!"