उघड्या दाराचं कॉलेज

एका गावात भागूजी नावाचा एक भोळा शिपाई होता. भोळा म्हणजे सांगितलं ते करणारा. असली माणसं कॉलेजात फार दिवस टिकत नाहीत.

कॉलेज नवं होतं. इमारत अर्धी होती, पण बोधचिन्ह पुरं होतं. फाटकावर ठसठशीत रंगवलेलं. वर उघडं दार, खाली तराजू. त्याचा अर्थ प्राचार्य चिटणीसांनी पहिल्याच दिवशी भागूजीला समजावला. दुसरं कोणी ऐकायला नव्हतं.

"हे दार बघ. संस्थापक बापूसाहेबांचं तत्त्व आहे. इथं कोणाला मज्जाव नाही."

"बरं, सर."

भागूजीने त्या दिवशी एकही दार लावलं नाही. दुपारी सुताराची म्हैस वाचनालयात शिरली आणि इतिहासाचा अख्खा कप्पा खाऊन गेली. त्या कप्प्याला त्याआधी कोणी तोंड लावलं नव्हतं.

"अरे गाढवा," चिटणीस ओरडले, "दार उघडं ते विद्या मागायला येईल त्याला! म्हशीला नव्हे!"

"बरं, सर."

परीक्षेच्या आदल्या दिवशी एक पोरगा आला.

"मामा, विद्या मागायला आलोय."

"कसली?"

"उद्याच्या पेपरातली."

भागूजीने कपाट उघडून दिलं. वर प्यायला पाणीही दिलं. त्या साली सगळा वर्ग पहिला आला.

चिटणीसांनी कपाळ बडवलं. "विद्या मागून मिळते होय रे? आधी परीक्षा, मग आत! तो तराजू कशाला काढलाय? तोंड बघून नियम बदलत नाही इथं. कच्चा निघाला की बसव खालच्या वर्गात. आणि आता आणखी एक चूक केलीस तर कायमचा घरी बस!"

भागूजीच्या घरची चूल या नोकरीवर पेटत होती. आता चुकायचं नाही, असं त्याने मनाशी पक्कं केलं.

संस्थेचा वर्धापनदिन आला. मंडप पडला. चिटणीस आत हार घेऊन उभे राहिले. फाटकावर भागूजी. बापूसाहेब गाडीतून उतरले, तशी वाजंत्री सुरू झाली.

"थांबा, साहेब. आधी परीक्षा." भागूजीने पुस्तक पुढं केलं. "एवढी ओळ वाचा."

बापूसाहेबांनी पुस्तक लांब धरलं. जवळ धरलं.

"चष्मा घरी राहिला रे."

"नाकावर आहे, साहेब."

"अरे, हे कॉलेज मी काढलंय!"

"असेल. इथं तोंड बघत नाहीत."

बापूसाहेब लालबुंद झाले. भागूजीला दया आली. त्याने त्यांचा हात धरला.

"रडू नका. सुरुवातीला सगळ्यांनाच जड जातं."

रस्त्यापलीकडे बालवाडी होती. भागूजी त्यांना घेऊन तिकडे निघाला. वाजंत्रीवाल्यांना बापूसाहेबांच्या मागे वाजवायला सांगितलं होतं, ते वाजवत मागे. त्यांच्या मागे हार घेऊन धावत चिटणीस.

भागूजीने बालवाडीच्या बाईंना नमस्कार केला.

"बाई, यांना पुढच्या रांगेत बसवा. अजून अक्षरओळख नाही. पण पोर हुशार आहे. कॉलेज काढलंय म्हणतंय."