राजानं लावलेला अडुळसा

एका राज्यात, जिथे पाखरं माणसांशी बोलत आणि माणसं त्याचं नवल मानत नसत, मणिभद्र नावाचा राजा राज्य करीत होता. तिथे घरोघरी अडुळशाचं कुंपण असे. शेळ्या त्याला तोंड लावीत नसत, बारा महिने ते हिरवं राही, आणि कुणी खोकलं की पानं तव्यावर शेकून पिळावीत, रसात मध घालून चाटवावा, झालं. एके दिवशी राजाला वाटलं, इतकं गुणाचं झाड ज्याच्यात्याच्या दारात कशाला? त्यानं सारी कुंपणं उपटवली, एकच झुडूप आपल्या बागेत ठेवलं आणि त्याभोवती उंच भिंत घातली. असलं काही राजांनाच सुचतं.

दूरदेशीचा एक मांत्रिक प्रवासात खोकला जडून त्या भिंतीशी आला. म्हणाला, "राजा, दोन पानं दे."

"ती माझी आहेत," राजा म्हणाला.

"तुझीच राहोत. हिरवीही राहोत. पण त्यांतून थेंब निघणार नाही." एवढं बोलून मांत्रिक धुक्यात चालता झाला.

त्याच आठवड्यात राजकन्या मृणालवती खोकू लागली. एकदा खोकली की तिच्या ओठांतून एक पांढरं फूल गळे, आणि फुलाबरोबर एक शब्द ती विसरे. पालखी गेली, मोर गेला, आईचं नाव गेलं. महाल फुलांनी भरला आणि तिच्याजवळ तीनच शब्द उरले: ये, पाणी, बाबा. शेवटचा शब्द गेला की श्वासही जाईल, असं वैद्य म्हणाले. पान पिळावं तर कोरडं. राजाचं काळीज तीळतीळ तुटू लागलं.

तेव्हा बागेतला भारद्वाज पक्षी म्हणाला, "महाराज, त्या मांत्रिकाच्या घरीही अडुळशाचं कुंपण आहे, त्याची एक फांदी मागून आणा. वाटेत ओली ठेवा. आपल्या हातानं लावा. हौसा माळणीला सोबत न्या, पण तुम्ही विचारल्याशिवाय तिनं बोलायचं नाही."

सात डोंगरांपलीकडे ते कुंपण होतं. राजानं हुकूम सोडला, तर ते पुरुषभर उंच झालं. अंगठी देऊ केली, तर ताडाएवढं झालं. मग राजानं हात जोडले. "माझी लेक खोकते आहे हो. एक फांदी द्या." कुंपण गुडघ्याशी आलं, आणि मांत्रिकानं वीतभर फांदी पानं खुडून त्याच्या हाती दिली.

परतताना वाटेतली तळी आटली होती. राजानं पखालीतलं उरलंसुरलं पाणी फेट्यावर ओतलं, त्यात फांदी गुंडाळली आणि स्वतः कोरडे ओठ चाटत चालला.

बागेत येऊन त्यानं खड्डा खणला, फांदी लावली, आळं केलं. हौसानं पाहिलं आणि पदर तोंडाशी धरला. दुसऱ्या दिवशी फांदी मलूल झाली, आणि राजकन्येचा 'ये' गेला. तिसऱ्या दिवशी 'पाणी' गेलं. राजा चिखलातच बसला. "हौसाबाई, मला हे येत नाही. माझं काय चुकलं?"

"उलटी लावलीत, महाराज. पेराशी डोळे असतात, ते आभाळाकडे बघायला हवेत. नवशिक्याचं होतं असं."

राजानं फांदी उपसली, बोटांनी चाचपून डोळे शोधले आणि सुलटी लावली. तिला तिथेच दोन पानं फुटली. पलीकडे जुन्या झुडपाची पानं रसानं जड होऊन खाली झुकली.

हौसानं ती शेकली, राजानं पिळली. मृणालवतीनं चाटण घेतलं, तशी महालातली फुलं हळूहळू जमिनीवरून उठली आणि तिच्या ओठांत परत गेली. तिनं बापाचा हात हाती घेतला. म्हणाली, "बाबा, तुमच्या नखांत माती गेलीय." राजा हुंदके देऊन रडला.

मग भिंत पडली. राजा फांद्यांचा भारा घेऊन दारोदार फिरला आणि प्रत्येक दारी बजावू लागला, "डोळे वर ठेवा हं." ज्यांच्या सात पिढ्या अडुळसा लावत आल्या होत्या, तेही मान डोलावून ऐकून घेत.