धुक्यातली घोषणा

एका डोंगराच्या पायथ्याला, तळ्याच्या काठी, तरुण कार्यकर्त्यांचं शिबिर भरलं होतं. कुणी आपल्या गावची नदी राखत होतं, कुणी वीटभट्टीवरच्या पोरांना शिकवत होतं. दिवसभर ही मुलं झाडांखाली बसायची, भांडायची, हसायची, आणि चार माणसांना बरोबर घेऊन कसं चालावं ते शिकायची.

त्यांत दिगंबर नावाचा एक तरुण होता. त्यानं घोषणा दिली की झाडावरची पाखरं उठायची. आपला आवाज त्याला स्वतःलाही फार आवडायचा. पुढच्या महिन्यात मोठा मोर्चा निघायचा होता. त्याच्या पुढं आपण चालावं, एवढं एकच त्याच्या मनात होतं.

शेवटच्या दिवशी पहाटे शिबिर चालवणाऱ्या मालूताई म्हणाल्या, "मी वर माळावर जाऊन बसते. तुम्ही तुमचे या. दिगंबर, तू पुढं हो. सगळ्यांना नीट आणलंस, तर मोर्चाही तूच ने."

मुलं निघाली तेव्हा धुकं उतरलं होतं. डोंगर जणू पिंजलेल्या कापसात निजला होता. एखादं झाड हळूच समोर यायचं, बघायचं आणि मागं सरायचं. पुढच्याची पाठ मागच्याला दिसत नव्हती. चालतोय की तरंगतोय, तेही कळत नव्हतं.

"माझा आवाज धरून चला," दिगंबर म्हणाला, आणि त्यानं घोषणा दिली, "पाणी कुणाचं?"

"सगळ्यांचं," मागून एका सुरात उत्तर आलं.

दिगंबरला बरं वाटलं. एवढा भरलेला आवाज, म्हणजे सगळे बरोबर आहेत. तो घोषणा देत गेला. दरीपलीकडच्या कड्यावर आपटून ती परत यायची, तेव्हा डोंगरही आपल्या मोर्चात आहे असं त्याला वाटायचं.

अर्ध्या वाटेवर सपाट खडक लागला. तिथं सगळी टेकली. केरबाला भूक लागली होती. त्याला ती नेहमीच लागलेली असायची.

"भाकरीचं गाठोडं कुणाकडं आहे?" त्यानं विचारलं.

"हौसाकडं."

"मग हौसा कुठंय?"

हौसा ही शिबिरातली सगळ्यांत अबोल मुलगी. तिनं 'जेवले' म्हटलं तरी शेजारचीलाच ऐकू जायचं. ती कधी मागं राहिली ते कुणाला कळलं नव्हतं. इतक्या जणांच्या ओरडण्यात एक आवाज कमी झाला, तर तो कळणार कसा?

दिगंबर उठला आणि छाती भरून ओरडला, "हौसाऽ"

पलीकडच्या कड्यावरून हाक आली, "हौसाऽ"

सगळ्यांनी मिळून हाक मारली. कड्यानंही मारली. अगदी तशीच, तितक्याच मायेनं. आणि दिगंबरच्या ध्यानात आलं. हौसाला वाट दिसत नव्हती. ती आवाज धरून चालली असणार. पण कुठला? त्याचा, की दरीपलीकडून येणारा?

"गप्प," तो हळू म्हणाला. "कुणीच बोलू नका. मीही नाही."

गप्प राहणं त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं ओठ दातांत धरले. हळूहळू धुक्याचा आवाज ऐकू यायला लागला. पानावरून थेंब पडत होते. कुठंतरी एक पाखरू पंख झाडत होतं. आणि खालून, दरीच्या अंगानं, सुतासारखा बारीक आवाज आला.

"मी इथं आहे. वहाणेचा अंगठा तुटला म्हणून बसले होते. तुम्ही समोरून बोलावताय, पण समोर पाय टेकत नाही. खडे सुटतायत."

"हौसा, आहेस तिथंच खाली बस," दिगंबर कड्याला ऐकू जाणार नाही इतक्या हलक्या आवाजात म्हणाला. "आता आम्ही बोलणार नाही. तू बोलत राहा. आम्ही येतो."

"काय बोलू?"

"काहीही. तुझ्या गावचं सांग."

मग हौसा सांगू लागली. गावच्या चिंचेचं झाड तोडायला माणसं आली होती. बाया झाडाखाली चुली मांडून बसल्या. घोषणा कुणाला येत नव्हत्या, म्हणून भाकऱ्याच थापल्या. कुऱ्हाडवाल्यांनाही जेवू घातलं. जेवल्यावर त्यांना कुऱ्हाड उचलवेना.

पंधरा दिवस ती शिबिरात होती, आणि हे तिला कुणी विचारलं नव्हतं. दिगंबर तो आवाज धरून, गवताला हात लावत खाली सरकत होता. मागं एकेकानं पुढच्याचा हात धरला होता. शेवटी त्याच्या बोटांना गाठोडं लागलं, मग हौसाचं मनगट. तिच्या पावलांपुढं जमीन नव्हती. पांढरं, मऊ, शांत असं नुसतं धुकं होतं.

माळावर पोचले तेव्हा ऊन पडलं होतं. मालूताईंनी विचारलं, "पुढं कोण होतं?"

सगळ्यांनी दिगंबरकडं बघितलं. त्यानं नाही म्हणून मान हलवली.

"मी नुसता ओरडत होतो, ताई. वाट हौसाच्या आवाजानं दाखवली. मोर्चापुढं तिला चालू द्या. मी मागं राहतो. कोण सुटलं, ते तिथून ऐकू येतं."

तात्पर्य: आपल्या हाकेला किती जणांनी ओ दिली यावर पुढाऱ्यानं भुलू नये; कुणाची ओ आली नाही, ते ऐकायला त्यानं आधी गप्प व्हावं.