भाऊसाहेबाचा तास

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा या वडाच्या पारंब्या जमिनीला टेकल्या नव्हत्या, आणि त्याच्या एका फांदीला माझी झोळी बांधलेली असायची. म्हणजे मी तिथं होते, पण पाहिलं काहीच नाही, झोपले होते. तरी मला सगळं ठाऊक आहे. खडकगव्हाणात जन्मलेल्या माणसाला ही गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. बसा आता नीट. त्या मोठ्या मुळावर पाय नको ठेवूस गं, ती भाऊसाहेबाची बसायची जागा आहे.

तर त्या काळी देशात धान्य कमी होतं. परदेशातून जहाजं भरून लाल मिलो यायची. मिलो म्हणजे ज्वारीच, पण कसली ज्वारी! भाकरी थापायला घेतली की कडेनं चिरायची, तव्यावर टाकायला उचलली की हातातच तुटायची. बायका परातीपुढं बसून रडायच्या, असं म्हणतात. मग सरकारनं ठरवलं, की पुरे झालं, आता आपलं धान्य आपण पिकवायचं. नवं बियाणं काढलं, नवं खत आणलं, आणि ते शेतकऱ्याला समजावून सांगायला गावोगाव माणसं धाडली. त्यातला एक सायकलीवरून आमच्या गावात आला.

त्याचं नाव लिंबाजी कोरडे. ग्रामसेवकाला इकडं भाऊसाहेब म्हणतात, तसं त्यालाही म्हणू लागले. पुढं कितीतरी भाऊसाहेब आले आणि बदलून गेले, पण आमच्याकडं नुसतं भाऊसाहेब म्हटलं की हाच. अंगानं अगदी काडी. सदरा त्याच्या अंगावर नाही, खुंटीला अडकवलाय असं वाटायचं. पण आवाज! ओढ्यापलीकडून त्यानं रामराम घातला की गोठ्यात बसलेली जनावरं उठून उभी राहायची, असं म्हणतात. आणि आमच्या गावात म्हटलेलं खोटं पाडायची अजून कुणाची टाप झाली नाही.

भाऊसाहेब दारोदार फिरला. पोतं सोडून नव्या ज्वारीचं बी दाखवायचा, एका चित्रात तिचं उभं पीक दाखवायचा. गावाचे पाटील होते आप्पाराव. मोठा माणूस, मोठ्या मिशा, आणि तोंडात सदा चेष्टा. त्यांनी चित्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "अहो भाऊसाहेब, ही ज्वारी उभी आहे का बसली आहे?"

ओसरीवरचे सगळे हसले. खरंच होतं ते. आमची जुनी ज्वारी अशी उंच, की तिच्यात बैलगाडी शिरली तर दिसायची नाही. आणि ही नवी आपली छातीला लागणारी.

"उंची कमी आहे आप्पा, पण कणीस बघा," भाऊसाहेब म्हणाला. "आणि येते किती लवकर! तुमच्या ज्वारीच्या पोटरीतून कणीससुद्धा बाहेर पडलं नसेल, तेव्हा ही कापायला येईल. पाऊस मधेच गेला तरी हिचं दाण्याचं काम उरकलेलं असतं."

"आणि माझ्या बैलांनी काय चघळायचं? तुमचं रिकामं पोतं? आणि ते खत तर मिठासारखं दिसतंय. काळ्या आईला मीठ चारायला सांगताय व्हय?"

झालं. पाटलांनी नाही म्हटलं की गावानं नाही म्हटलं. बी पोत्यात आणि भाऊसाहेब सायकलीवर, असे दिवस चालले. शेवटी तो आला सोजराबाईच्या दारात.

सोजराबाई म्हणजे माझी आई. वडील तापानं गेले होते. घरात म्हातारी आजी, माझा थोरला भाऊ आणि पाळण्यात मी. रान एकच, हे समोरचं, वडाच्या सावलीला लागून, रस्त्याच्या कडेचं. आदल्या वर्षी पाऊस अर्ध्यात गेला आणि उंच उंच ज्वारी पोकळ कणसं घेऊन उभी राहिली. वर्षभर आईनं मिलोच्या चिरलेल्या भाकरी थापल्या. मामानं तिला न्यायला गाडी पाठवली होती. आईनं बैलांना पाणी पाजलं, गाडीवानाला चहा दिला आणि गाडी मोकळी परत लावली. भावजयीच्या हाताकडं बघत लेकरं वाढवायची नाहीत, हे तिनं मनाशी धरलेलं. पण आणखी एक वर्ष असं गेलं असतं तर ती तरी काय करणार होती? आजीचं बोचकं बांधून त्याच गाडीत बसावं लागलं असतं. आणि एकदा रान पडीक पडलं की परत कोण येतंय?

भाऊसाहेबाला तेच रान हवं होतं. वरून सांगून ठेवलेलं, की प्रयोगाचं शेत असं निवडा की येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेत भरेल. त्यानं आईला सगळं समजावलं. आईनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "भाऊसाहेब, नाही आलं पीक तर? तुमचं काय, तुम्ही दुसऱ्या गावाला जाल. मी माझी लेकरं घेऊन कुठं जाऊ?"

भाऊसाहेबानं पोतं खाली ठेवलं. मग म्हणाला, "अक्का, या रानातली ज्वारी निघेपर्यंत मी दुसरी भाकरी खाणार नाही. तुम्ही खाताय तीच मिलो खाईन. आणि पीक पिकून घरात पडेपर्यंत गाव सोडणार नाही. मग बदली येवो नाहीतर आणखी काही."

आईनं चाड्यावर मूठ धरली. तिफणीच्या वर लाकडी वाटी असते ना, जिच्यातून बी खाली उतरतं, त्या चाड्यात पहिली मूठ घरच्या बाईची. मागोमाग भाऊसाहेब ते मिठासारखं खत टाकत गेला. बांधावर पाटील उभे होते. "मिठाला जागा गं बाई," असं जमिनीकडं बघून म्हणाले आणि स्वतःच हसले.

आणि काय सांगू! ज्वारी अशी आली, की रस्त्यानं जाणारे गाडीवान बैल थांबवून बघायचे. ताट बुटकं, म्हणजे दांडा आखूड, पण कणीस असं भरलेलं की आजी म्हणायची, याला उचलून घ्यावंसं वाटतं. सगळ्या शिवारातली ज्वारी अजून हिरवीगार पानं हलवत उभी, आणि आमच्या रानात दाणे पांढरे होऊ लागले. भाऊसाहेब कडेनं फेऱ्या मारायचा आणि मोठ्यानं हसायचा. आई मात्र हसली नाही. घरात पडेस्तोवर हसायचं नाही, असं तिचं होतं.

आणि मग पाखरं आली.

बघा, चूक काय झाली ते. ज्वारी लवकर येते हे भाऊसाहेबाला ठाऊक होतं. नजरेत भरेल असं रान त्यानं मुद्दाम निवडलं होतं. पण आकाशातूनही कुणी बघत असतं, हे ना त्याच्या ध्यानात आलं ना वरच्या साहेबांच्या. साऱ्या शिवारात पिकलेला दाणा फक्त एका रानात, आणि त्याच रानाच्या डोक्यावर बसायला एवढा मोठा वड! दरवर्षी सगळ्या गावाची ज्वारी एकदम पिकायची, पाखरांचं खाणं सगळ्यांत वाटलं जायचं. या वर्षी सगळ्या गावाची पाखरं एकट्या सोजराबाईच्या वाट्याला आली. चिमण्या आल्या, राघू आले, होले आले, आणि शेवटी भोरड्या आल्या. भोरड्यांचा थवा उठला की रानावर सावली पडायची आणि कोंबड्या संध्याकाळ झाली म्हणून खुराड्यात शिरायच्या, असं म्हणतात.

आई राखणीसाठी रानात उभारलेल्या माळ्यावर चढली. गोफण फिरवून फिरवून तिचा खांदा सुजला. या कडेची उठवली की त्या कडेला बसायची. तेव्हा भाऊसाहेब रानाच्या मध्यावर जाऊन उभा राहिला आणि त्यानं आरोळी दिली. "होऽऽ हाऽऽ!" वड हलला, असं म्हणतात. भोरड्या उठल्या त्या डोंगराच्या टोकाला जाऊन बसल्या. दम खाऊन पुन्हा आल्या. त्यानं पुन्हा आरोळी दिली. असं दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत. पोटात काय, तर मिलोची तुटकी भाकरी. गावाला त्या आरोळीची इतकी सवय झाली, की बायका तिच्यावर भांडी घासायच्या आणि पाटील ओसरीवर बसून म्हणायचे, "सरकार ओरडतंय बघा."

एका सकाळी मात्र आरोळी आली नाही.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग पाटलांनी चहाची बशी खाली ठेवली. "आज ओरडत का नाही हा?" त्यांना बसवेना. ते उठले, मागोमाग ओसरी उठली, आणि बघता बघता सगळं गाव रानाकडं निघालं.

भाऊसाहेब रानाच्या मध्यावर दोन्ही हात पसरून उभा होता. त्याचा आवाज गेला होता. तोंड उघडायचा, पण नुसता वारा बाहेर यायचा. आणि पाखरांनी त्याला भिणं सोडलं होतं. डोक्यावर भोरड्या, खांद्यांवर भोरड्या, पसरलेल्या हातांवर राघूंची रांग. डोळ्यांतून पाणी गळत होतं. आई माळ्याखाली बसली होती, गोफण मांडीवर, हात उचलवत नव्हता.

तिनं पाटलांना पाहिलं आणि कधी नव्हे ते डोक्यावरचा पदर सावरायलाही थांबली नाही. "आता आलात आप्पा? तुमची ज्वारी हिरवी आहे म्हणून तुम्ही गार बसलात. पण ही पाखरं काय माझ्या माहेराहून आलीत? ही तुमचीच पाखरं आहेत. तुमच्या वाट्याची, या सगळ्यांच्या वाट्याची. माझी लेकरं त्यांना पोसतायत!"

पाटील चेष्टा करणारा माणूस, पण मनानं वाईट नव्हता हो. ते सरीतून चालत भाऊसाहेबाजवळ गेले. भाऊसाहेबानं त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि फुसफुसत म्हणाला, "चूक माझी आहे आप्पा. पीक कधी येईल ते मी सांगितलं. ते एकट्याच्या रानात आलं तर काय होईल, ते नाही पाहिलं. सगळ्यांनी एकदम पेरायला हवं होतं."

पाटलांनी डोक्याचा पटका सोडला. त्यात माळ्याखाली रचलेले गोफणीचे खडे बांधून घेतले. आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या रानात राखण करायला उभे राहिले. "होऽऽ हाऽऽ!" मग काय विचारता! चारी बांधांवरून गाव ओरडलं. गोफणी सुटल्या, थाळ्या वाजल्या, आजीनं परात घेतली. पाखरं उठली ती उठलीच.

पण यात एक दुसरंही सांगतात. पाखरं उठायच्या आधी भाऊसाहेब त्यांच्याशी बोलला, असं म्हणतात. आवाज नव्हता, नुसते ओठ हलले. हातावरच्या भोरडीला तो म्हणाला, "बाई, तूही उपाशीच आली असशील. वडाकडचा पहिला तास तुझा. दुसऱ्याला चोच लावू नकोस." तास म्हणजे तिफणीमागं पडणारी पिकाची ओळ, हे शहरातून आलेल्यांसाठी सांगते. आणि त्या दिवसापासून पाखरं वडाकडच्या पहिल्या ओळीवरच बसली, दुसऱ्या ओळीतला दाणा हलला नाही. आता पाखरं गोफणींना भ्याली का भाऊसाहेबाचा शब्द ऐकला, ते तुम्ही ठरवा. आई दोन्ही खरं आहे म्हणायची.

ज्वारी निघाली. निम्मी पाखरांच्या पोटात जाऊनसुद्धा घरातली कणगी गळ्यापर्यंत भरली आणि उरलेली ओसरीत ओतावी लागली. आईनं त्याच दिवशी जात्यावर दळलं आणि वडाखाली चूल मांडून पहिली भाकरी थापली. ती चिरली नाही, तुटली नाही. टम्म फुगली. भाऊसाहेब त्या मुळावर बसला होता. त्याच्या हातावर भाकरी ठेवली आणि तो लहान लेकरासारखा रडला. आजीनंही तुकडा मोडला. "चव जुनीची नाही हिला," ती म्हणाली. मग आणखी एक तुकडा मोडला आणि म्हणाली, "पण आपली आहे." त्या दिवशी आई हसली, असं म्हणतात. यावर मात्र शंका घेऊ नका, कारण ते आठवून ती म्हातारपणीसुद्धा हसायची, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

पुढच्या वर्षी सगळ्या गावानं एकाच दिवशी तिफणी जुंपल्या. पाटलांनी अर्ध्या रानात नवी ज्वारी पेरली आणि अर्ध्यात बैलांसाठी जुनी. पाखरं आली, पण सगळ्या शिवारात वाटली गेली, कुणालाच जड झाली नाहीत. त्याआधीच, पेरणी झाल्याझाल्या, भाऊसाहेबाची बदली झाली. सायकल हातात धरून तो शिवेपर्यंत चालत गेला आणि भोरड्यांचे दिवस नसतानाही एक थवा त्याच्या डोक्यावरून शिवेपर्यंत गेला, असं म्हणतात. त्याचा तो आवाज कधीच परत आला नाही. शिवेवर वळून त्यानं रामराम घातला, पण तो जवळच्यालाही ऐकू गेला नाही.

आता आमच्याकडं ज्वारी कोण पेरतंय? जिकडंतिकडं सोयाबीन. पाखरं त्याला तोंड लावत नाहीत. पण जाऊन बघा, खडकगव्हाणातल्या प्रत्येक रानाच्या कडेला ज्वारीची एक ओळ उभी असते. तिला कुणी कापत नाही. तिला भाऊसाहेबाचा तास म्हणतात. आणि पेरणी अजूनही सगळ्यांची एकाच दिवशी. ज्याचा ट्रॅक्टर बिघडला, ज्याच्या घरात आजारपण आहे, त्याच्यासाठी गाव थांबतं, नाहीतर त्याचं रान आधी उरकतं.

उद्या तो दिवस आहे, म्हणून तुम्हाला इथं बसवून सांगितलं. उद्या सकाळी सगळे आपापल्या रानात उभे राहतील, आणि चाड्यात पहिली मूठ पडायच्या आधी सगळं गाव एकदम आरोळी देईल. आकाशात तेव्हा एक पाखरू नसतं, उडवायला काही नसतं. पण एका माणसानं माझ्या घरची भाकरी राखताना आपला आवाज इथं टाकला. मी मामाच्या गावी वाढले नाही, या वडाखाली म्हातारी झाले, ती त्याच्यामुळं. म्हणून उद्या घसा राखून ओरडायचं नाही. तो कुठंही असला तरी त्याला ऐकू गेलं पाहिजे.