मार्गशीर्षातला आंबा

"मग पोरांशी खोटं बोलू का, बाबा?"

पायरीवर टेकायच्या आधीच हिरामणनं विचारलं.

रहमूबाबा ओल्या हरभऱ्याचे घाटे सोलत बसले होते. गावाबाहेरच्या तकियात हा म्हातारा फकीर एकटाच राहायचा.

"काय झालं?"

"ईश्वरीला मारलं मी. पाच वर्षांची पोर..."

बाबांचा हात थांबला.

बालवाडी हिरामणच्या थोरल्या बहिणीची, कौतिकची. तिची एकच शिस्त होती. डबा उघडला की प्रत्येक पोरानं सांगायचं, हे कुणाच्या शेतातलं आणि कोणत्या महिन्यातलं. बर्फात घालून, ट्रकात घालून लांबून आणलेलं काही नको. पोरं घसा ताणून सांगायची, "बोरं! आमच्या बांधावरची! पौषातली!"

कौतिकला जाऊन चाळीस दिवस झाले होते. चौथी नापास हिरामण तिच्या जागेवर बसत होता आणि रोज थोडा जास्त थकत होता.

"का मारलंस?"

"एकानं वेफर्सचं पाकीट आणलं. मी दरडावलं, हे कुणाच्या शेतातलं? तर ही मधेच म्हणते, मामा, ताईच्या उशाशी आंबा होता, तो कुणाच्या शेतातला?"

बाबांनी हातातला घाटा तसाच टोपलीत टाकला.

"ताईनं अंथरुणावर चार दिवस धोसराच लावला होता बाबा. आंबा दे, आंबा दे. ऐन मार्गशीर्षात! गाडी काढली, थेट शहर गाठलं. विमानानं आलेला आंबा. सालीवर स्टिकर. आतून नुसता भुसा."

"खाल्ला तिनं?"

"एक फोड चोखली. आणि हसली..."

"मग?"

"म्हणाली, वैशाख आला का रे?"

हरभऱ्याची टोपली तशीच राहिली.

"तू काय म्हणालास?"

"हो म्हटलं."

हिरामणनं तोंड ओंजळीत लपवलं. मग आतूनच बोलला, "म्हणाली, बघ, डॉक्टर उगाच घाबरवत होता. उन्हाळा बघितला की मी! ...पहाटे गेली."

बाबांनी टोपली बाजूला सारली. हिरामणनं डोळे पुसले.

"आता कोणत्या तोंडानं सांगू पोरांना, थांबा, ऋतू येऊ द्या? मीच नाही थांबलो. उद्यापासून कुलूप. ज्याला जे खायचं ते खाऊ दे. मी दमलो, बाबा."

"ईश्वरी रडली?"

"नाही. गाल धरून बघत राहिली. घरी जाताना म्हणाली, मामा, उद्या पेरू आणू? आमच्या परड्यातला आहे."

बाबा गुडघ्यांवर हात रोवून उठले. हिरामणचं मनगट धरून त्याला तकियामागच्या आंब्याखाली घेऊन गेले. एक फांदी खाली ओढली.

शेंड्याला मोहर फुटत होता. कोवळा, पिवळसर, चिकट.

"हुंग."

हिरामणनं हुंगला. त्याचे खांदे हलू लागले. बाबांनी त्याला रडू दिलं.

मग नाक पुसत त्यानं एकदम हात वर केला. "पोरांना नेतो एक तुरा."

बाबांनी हातावर चापट मारली. "तोडतोस काय? पोरांनाच इकडे आण."

"आणि ईश्वरीनं परत विचारलं तर? ताईच्या आंब्याचं?"

"झालं तसं सांग. चौथी नापास मास्तरालासुद्धा तेवढं जमतं."

"सांगितलं, आणि तीही म्हणाली, मला पण आत्ताच हवा, तर?"

बाबांनी हातातली फांदी हळूच सोडली. ती वर गेली, डुलली... आणि थांबली.

"ज्यांना वैशाख दिसणार आहे, त्यांना मोहर दाखव."