माती न लावलेली कुस्ती

एकदा एक अर्धीच बातमी माझ्या कानावर पडली, आणि ती पुरी कळायच्या आत मी ती चार घरी पोचवून मोकळी झाले.

गिरणीत ज्वारी दळायला नेली होती. गिरणीवाल्या शालनवहिनी पुढच्या बाईला सांगत होत्या, "अहो, वस्तादांनी धैर्यशीलला तालमीतनं काढला! भर हौद्यात अंगाला तेल चोळून त्याला..." एवढ्यात त्यांनी खटका ओढला आणि गिरणी सुरू झाली. वहिनींचे ओठ हलत राहिले, पण मला घरघरीशिवाय काही ऐकू आलं नाही. तरीही सगळं कळल्यासारखी मान हलवून मी घरी आले, आणि संध्याकाळपर्यंत आमच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक झालं की वस्तादांनी धैर्यशीलला काढला.

आमच्या घराची मागची भिंत आणि तालमीची भिंत एकच आहे. तिथला शड्डू ऐकून मी चहाचं आधण ठेवते. बायकांनी आत जायचं नाही ही रीत मी पाळते. पण गच्चीत कुरडया वाळत घालताना नजर जायची तिकडे जातेच. आणि घडलं तेव्हा मी नेमकी भाचीच्या लग्नाला बाहेरगावी! म्हणून मग तिथं हजर असलेल्या दोन पैलवानांना विचारलं, वस्तादांच्या घरच्या काकूंना विचारलं. तिघांचं जेवढं जुळलं तेवढंच इथं लिहिते.

धैर्यशील आणि सिद्राम हे वस्तादांचे दोन शिष्य. पंधरा वर्षांची जोड. सिद्रामच्या घरी म्हशी, आणि त्या म्हशींच्या दुधावर दोघंही वाढलेले. गेल्या निवडणुकीत धैर्यशील एका पक्षाचा कार्यकर्ता झाला. सिद्राम मात्र कार्यकर्ता वगैरे कुणी नव्हता, पण मित्रासाठी त्यानं चार दिवस भोंग्याच्या रिक्षात बसून पत्रकं वाटली. नवी योजना आणून रोज पाणी देऊ, असं त्या पत्रकात होतं.

निवडणूक झाली, माणसं निवडून आली, आणि पाणी चौथ्या दिवशी येऊ लागलं. तेव्हा सिद्रामनं गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, "मत मीच दिलंय, म्हणून विचारतो. असली योजना बंद करा असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. पण रोज पाणी कधी येणार, एवढं तरी सांगा. म्हशींना काय पाजू?"

सरळ प्रश्न होता. धैर्यशीलनं उत्तर लिहिलं, "आधीचे दहा वर्षं झोपले होते तेव्हा तुझी वाचा बसली होती काय?"

सिद्राम म्हणाला, "तेव्हाही विचारलं होतं. आता तुला विचारतोय."

"कुणाच्या सांगण्यावरून विचारतोयस ते कळतं आम्हाला."

"कुणाच्या नाही रे. पाणी कधी?"

यावर धैर्यशीलनं दात काढून हसणारी पाच चित्रं टाकली. मग सिद्रामचंच लिखाण घेतलं, त्याचा फोटो असा कापला की त्यात एवढंच उरावं: "असली योजना बंद करा." वर त्याचं नाव, खाली आपला शेरा: "गावाचं पाणी तोडणारा ओळखून ठेवा."

तो फोटो चारशे जणांनी पुढं पाठवला. कुणीतरी लिहिलं, ह्याचं दूध बंद करा. सात-आठ घरांनी खरंच बंद केलं. खोटं कशाला बोलू, त्यातलं एक घर माझं. मी अंगठाही दाबला होता. पुरं वाक्य वर दोन बोटांवरच होतं, पण वर कोण जातं?

सिद्राम ग्रुपमधून बाहेर पडला आणि तालमीत यायचा थांबला. महिन्याभरात दोन म्हशी विकल्या. इकडे धैर्यशीलची पाठ थोपटली जात होती. तालमीत पेढे घेऊन येऊन तो वस्तादांच्या पाया पडला. "वस्ताद, गावात आपलं नाव झालं बघा. त्याची बोलतीच बंद केली."

वस्तादांनी पेढा घेतला नाही. एवढंच म्हणाले, "उद्या चार वाजता ये. मी तुझ्याशी लढणार आहे."

सगळे हसले. वस्तादांची सत्तरी उलटलेली, गुडघे जिना चढताना वाजतात. पण दुसऱ्या दिवशी ते लंगोट चढवून कुस्तीच्या हौद्याच्या काठावर आले, तेव्हा हसू थांबलं. मानेपासून घोट्यापर्यंत त्यांनी खोबरेल चोपडलं होतं. अंग नुसतं चकाकत होतं.

आमच्याकडे लढत लागण्याआधी दोन्ही पैलवान हौद्यातली तांबडी माती उचलतात आणि एकमेकांच्या अंगाला लावतात. लहानपणापासून बघत आले, पण का लावतात हे कधी मनात आलं नाही. धैर्यशीलनं रीतीप्रमाणे ओंजळभर माती घेतली आणि वस्तादांच्या खांद्याला लावायला गेला. वस्तादांनी त्याचा हात झटकला.

"मला माती नको. चल, धर."

नव्वद किलोचा गडी. मनगट धरलं, सुटलं. मानेत हात घातला, घसरला. कंबर आवळली, आणि म्हातारा साबणाच्या वडीसारखा हातातून निसटला. निसटता निसटता इतर पोरांना ओरडून सांगू लागला, "बघा रे! ह्याला एक म्हातारं धरता येईना!"

"वस्ताद, पण तेल..."

"परवा यात्रेत कोण चीत झालं होतं, ते सांग आधी!"

"त्याचा इथं काय संबंध? तुम्ही तेल..."

"रडतोय बघा! तुझा बापसुद्धा असाच फड सोडून पळाला होता!"

पोरं आधी हसली. मग हसायची बंद झाली. पाव तास असा गेला. धैर्यशील लालबुंद झाला आणि हौद्याच्या मधोमध हात खाली सोडून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं असं एक पैलवान म्हणतो. दुसरा म्हणतो, तो घाम होता.

"मी जिंकलो," वस्ताद धापा टाकत म्हणाले.

"ही कुस्ती नव्हे, वस्ताद. तुम्ही पकडच दिली नाही."

"तू दिलीस?"

मग वस्ताद काठावर बसले. एकानं पंचा दिला, तो त्यांनी मांडीवर तसाच ठेवला. म्हणाले,

"पोरा, अंगाला माती का लावून घेतो आपण? समोरच्याच्या हाताला पकड मिळावी म्हणून. त्याचा अर्थ, मला धर. माझं चुकलं तर मला पाड. ज्याची पडायची तयारी नाही त्यानं हौद्यात उतरू नये. त्या फोनवर तू तेल लावून उतरलास. सिद्रामनं तुला एका प्रश्नात धरलं, तू दहा वर्षं मागं निसटलास. पुन्हा धरलं, तू त्याच्या इमानावर घसरलास. तिसऱ्यांदा धरलं, तर त्याच्याच बोलण्याचा हात मोडून त्याच्या गळ्यात बांधलास. तू पडला नाहीस, हे खरं. पण कुस्ती झालीच नाही. आणि पाणी अजून चौथ्या दिवशीच येतंय."

वस्तादांनी पंचानं तोंड पुसलं. मग ते हलक्या आवाजात म्हणाले, "मी तुला सगळे डाव शिकवले. माती लावायची कशाला, हे सांगायचं राहून गेलं. मला वाटलं, रोज लावतोस, तर कळत असेल. ती चूक माझी."

शालनवहिनींनी सांगितलेलं तेल ते हे. चोळलं होतं वस्तादांनी, स्वतःच्या अंगाला.

पुढचं मात्र मी स्वतः पाहिलं. दुधाची किटली घेऊन मी सिद्रामच्या दारात गेले होते. लाज वाटत होती. सिद्राम पुढं झाला. किटली घेतली, दूध घातलं, नेहमीसारखं वर थोडं जास्तीचं ओतलं. ते जास्तीचं दूध मला फार जड गेलं.

तेवढ्यात धैर्यशील आला. हातात फडक्याची पुरचुंडी. गाठ सोडली, आत तालमीची माती.

"ग्रुपवर मी तुझं पुरं वाक्य टाकलंय. मी कापलं होतं, हेही लिहिलंय."

"किती जणांनी बघितलं?"

"सहा."

सिद्रामनं मान हलवली. मग चिमूटभर माती उचलून त्यानं धैर्यशीलच्या मनगटाला लावली, नीट घासून, लढतीआधी लावतात तशी. मनगट धरलं आणि विचारलं, "पाणी रोज कधी येणार?"

धैर्यशीलनं हात सोडवून घेतला नाही. "मला माहीत नाही, सिद्राम. आम्ही म्हणालो ते झालं नाही."

"एवढंच त्या दिवशी म्हणाला असतास तर?"

धैर्यशीलनं त्याला माती लावायला ओंजळ पुढं केली. सिद्राम मागं सरला. "मला नको. अजून नको." फडकं गुंडाळून त्यानं माती परत दिली आणि रिकाम्या दोन खुंट्यांच्या पलीकडं, उरलेल्या म्हशींकडं वळला.

त्या दिवसापासून धैर्यशील हौद्यात उतरलेला नाही. वस्ताद रोज हाक मारतात. तो हौद्याबाहेर भिंतीपाशी पुरचुंडी मांडीवर घेऊन बसतो आणि म्हणतो, "जोड आल्यावर." सिद्राम अजून आलेला नाही. येईल की नाही, मला सांगता येत नाही.

परवा पुन्हा दळणाला गेले. म्हटलं, "वहिनी, वस्तादांनी काढला नाही हो त्याला."

"मग तालमीत लढतो काय?"

"लढत नाही."

"बाहेरच बसतो ना? मग मी काय वेगळं सांगितलं?"

निम्मं त्यांचं खरं होतं. त्यांचा हात सवयीनं खटक्याकडे गेला, तसा मी तो धरला. "वहिनी, ज्वारी पळून जात नाही. माझं चुकलं तर तसं सांगा, पण गिरणी मागाहून लावा. आधी पुरं ऐकून घ्या."